कारागृहात गर्दच्या व्यसनावर औषधोपचार : पहिल्या रात्रीपासून सुटकेच्या संध्याकाळपर्यंतचा क्रम

हा लेख कारागृह रुग्णालयांतील वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, औषधनिर्माण अधिकारी आणि समुपदेशक यांच्यासाठी लिहिला आहे. हेरॉइन म्हणजेच गर्द किंवा ब्राउन शुगर, कोडीनयुक्त खोकल्याची औषधे, ट्रॅमाडॉलच्या गोळ्या अशा अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन देऊन केला जाणारा उपचार कारागृहात कसा सुरू करावा, कसा चालवावा आणि बाहेरच्या केंद्राकडे कसा सोपवावा, एवढाच त्याचा विषय आहे. दिल्लीच्या तिहार कारागृहात हा उपचार २००८ पासून दिला जातो, त्यामुळे भारतीय कारागृहात तो शक्य आहे की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. तरीही अनेक ठिकाणी तो चुकीच्या क्रमाने होतो. दुपारी उशिरा पहिली मात्रा दिली जाते, आठवडाभराने ‘कोर्स संपला’ म्हणून औषध थांबवले जाते आणि माणूस जामिनावर सुटतो तेव्हा त्याच्या हातात साधी चिठ्ठीही नसते. या तिन्ही चुका टाळण्यासारख्या आहेत, कारण औषध तेच आहे, चुकतो तो क्रम.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. विथड्रॉवल, म्हणजे नशा बंद झाल्यावर होणारा, मुंबईच्या बराकीत ज्याला ‘टर्की’ म्हणतात तो त्रास, साधारण आठ-दहा दिवसांत ओसरतो. व्यसन मात्र तेवढ्यात जात नाही, आणि या काळात शरीराची सहनशक्ती, म्हणजे नशेची मोठी मात्रा पेलण्याची सवय, उतरलेली असते. म्हणून दहा दिवसांचे ‘डिटॉक्स’ करून माणसाला तसेच सोडून देणे हा अर्धा उपचार ठरत नाही, तो धोका वाढवतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात १९९९ ते २००३ या काळात तुरुंगातून सुटलेल्या ३० हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या १२.७ पट आणि अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका १२९ पट आढळला. पुढे दिलेला प्रत्येक टप्पा या दोन आठवड्यांचा विचार करून आखलेला आहे.

टप्पा १ : पहिला रुग्ण घेण्यापूर्वीची तयारी

ब्युप्रेनॉर्फिन हा ‘अंमली औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’ या कायद्याच्या कक्षेतील पदार्थ आहे. ते बाजारातून आणून वाटता येत नाही. त्याचा पुरवठा मान्यताप्राप्त केंद्रामार्फतच व्हावा लागतो. व्यवहारात याचा अर्थ असा की कारागृहाने राज्याच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या ओएसटी (अफूजन्य नशेऐवजी देखरेखीखाली पर्यायी औषध देण्याचा उपचार) केंद्राशी किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकृतिशास्त्र विभागाशी लेखी जोडणी करून घ्यावी आणि स्वतःला त्याचे उपकेंद्र म्हणून उभे करावे. अधीक्षकांसमोर प्रस्ताव ठेवताना दोन आधार द्यावेत. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मधील मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित स्थितींचा समावेश आहे. तसेच संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांतील २४ वा नियम बंद्यांना समाजात मिळते त्याच दर्जाची आरोग्यसेवा द्यावी असे सांगतो आणि व्यसनाच्या उपचारात खंड पडू नये असेही स्पष्टपणे सांगतो.

जागेचा विचार फार बारकाईने करावा. औषधवाटपाची खोली दवाखान्याच्या मुख्य रांगेपासून वेगळी असावी, कारण खोकल्याच्या गोळीसाठी उभ्या असलेल्या वीस जणांसमोर एखाद्याला ‘गर्दवाल्यांच्या लाइनीत’ बसवले की तो दुसऱ्या दिवशी येत नाही. त्या खोलीत भिंतीला लागून बाक, पिण्याचे पाणी, गोळी चुरडण्यासाठी स्वच्छ काचेचा छोटा ग्लास आणि चमचा, पुरेसा उजेड आणि एक टॉर्च असावा. औषधाचे कपाट दुहेरी कुलुपाचे असावे आणि दोन्ही किल्ल्या एकाच माणसाकडे नसाव्यात. साठा नोंदवहीत रोजची सुरुवातीची शिल्लक, वाटप, सांडलेली किंवा तुटलेली गोळी आणि अखेरची शिल्लक अशा चारही रकान्यांत त्याच दिवशी, दोन सह्यांसह नोंद झाली पाहिजे. तुटलेल्या गोळीची नोंद राहून गेली की तपासणीच्या वेळी ती गोळी विकली गेली असेच धरले जाते, आणि मग चालता उपचार बंद पडतो.

आपत्कालीन पेटीत अफूजन्य पदार्थाच्या अतिमात्रेवर उतारा असलेल्या नॅलॉक्सोनची इंजेक्शने (०.४ मि.ग्रॅ.), ॲम्बू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) आणि ऑक्सिजन असावा. रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याला ही पेटी कुठे आहे हे सांगून भागत नाही, त्याच्याकडून ती उघडून घ्यावी.

तपासून घ्या : रात्रपाळीत नॅलॉक्सोन देऊ शकणारे कोणी आहे का? नसल्यास पहिली मात्रा देण्याची तारीख पुढे ढकला.

टप्पा २ : दाखल झाल्याच्या दिवशीची तपासणी

नव्याने दाखल झालेल्या प्रत्येक बंद्याला तीन प्रश्न विचारावेत. काय घेता, किती वर्षांपासून घेता, आणि शेवटचे केव्हा घेतले? तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे असते आणि नेमके तेच कागदावर येत नाही. ‘काल’, ‘परवा’ अशी उत्तरे स्वीकारू नयेत. कोणत्या वेळी अटक झाली, अटकेच्या आधी शेवटची पुडी केव्हा ओढली, पोलीस कोठडीत किती दिवस गेले, तिथे कोणी काही आणून दिले का, असा घटनांचा धागा धरून विचारावे. हे विचारताना शिपाई दाराबाहेर थांबलेला असावा, कारण त्याच्या देखत खरे उत्तर मिळत नाही.

पोलीस कोठडीमुळे आपल्याकडे एक खास परिस्थिती उद्भवते. हेरॉइन बंद झाल्यावर विथड्रॉवल ८ ते १२ तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचते आणि साधारण आठवड्याभरात उतरते. दहा-बारा दिवस कोठडीत काढून आलेल्या माणसाला दाखल होताना काहीच त्रास दिसत नाही, आणि डॉक्टर ‘लक्षणे नाहीत’ असे लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात सुटकेनंतर सर्वाधिक धोका याच माणसाला असतो, कारण त्याची सहनशक्ती गेलेली असते पण ओढ तशीच असते. त्याचे नाव यादीतून वगळू नये. त्याच्यासाठी उपचाराची सुरुवात वेगळी असते आणि ती चौथ्या टप्प्यात दिली आहे.

दुसरी परिस्थिती याच्या उलट आहे. काही जण बाहेर ओएसटी केंद्रात नियमित उपचार घेत असतात. अशा बंद्याचे औषध फाटकाशी तोडणे ही या सगळ्या प्रक्रियेतील सर्वांत मोठी आणि सर्वांत सहज टाळता येणारी चूक आहे. त्याच दिवशी केंद्राला फोन करावा, चालू मात्रा आणि शेवटच्या मात्रेची तारीख विचारून लिहून घ्यावी आणि दुसऱ्या दिवशीची मात्रा चुकू देऊ नये. फोन लागला नाही तर लघवीची चाचणी करावी आणि कमी मात्रेपासून औषध द्यावे, मात्र खात्री होईपर्यंत पूर्ण थांबवून ठेवू नये.

सावधान : दारू आणि झोपेच्या गोळ्या (बंद्यांच्या भाषेत ‘बटन’) यांची चौकशी याच बैठकीत व्हायला हवी. अफूजन्य पदार्थाचे विथड्रॉवल फार यातना देते, पण त्याने थेट मृत्यू क्वचित होतो, आणि तो बहुतेक वेळा जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी कमी झाल्याने होतो. दारूचे विथड्रॉवल मात्र जीवघेणे असते. शेवटच्या प्यालानंतर ६ ते ४८ तासांत फेफरे येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रमाची अवस्था येऊ शकते. हात थरथरत असतील, घाम सुटत असेल, वेळ-काळ सांगता येत नसेल तर आधी थायमिन आणि डायझेपाम किंवा लोराझेपाम यांचा उपचार सुरू करावा किंवा मोठ्या रुग्णालयात पाठवावे. अशा माणसाला ‘नाटक करतोय’ म्हणून बराकीत परत पाठवल्याचे प्रसंग मी पाहिले आहेत, आणि ते आठवले की आजही अस्वस्थ व्हायला होते.

टप्पा ३ : निदान आणि संमती

वापर म्हणजे व्यसन नव्हे, त्यामुळे अधूनमधून घेणाऱ्याला ब्युप्रेनॉर्फिन देऊ नये. रोजचा वापर, वाढत गेलेली मात्रा, न मिळाल्यास होणारा त्रास, सोडण्याचे फसलेले प्रयत्न आणि त्यापायी गमावलेले काम किंवा घर अशी चिन्हे पाहून निदान करावे. लघवीची चाचणी हा आधार आहे, निकाल नव्हे. मॉर्फिनच्या पट्टीवर हेरॉइन साधारण दोन-तीन दिवसच दिसते, कोडीनही दिसते, पण ट्रॅमाडॉल आणि ब्युप्रेनॉर्फिन दिसत नाहीत. त्यांना वेगळ्या पट्ट्या लागतात. पट्टी कोरी आली म्हणून ट्रॅमाडॉल खाणाऱ्याला खोटारडा ठरवणे ही नेहमीची चूक आहे.

कारागृहातील संमती बाहेरच्या संमतीपेक्षा नाजूक असते, कारण इथे कोणीही ‘नाही’ म्हणायला घाबरतो. म्हणून चार गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगाव्यात. उपचार घेतला किंवा नाकारला तरी बराक, काम, मुलाखत किंवा शिक्षेतील सूट यांवर परिणाम होणार नाही. उपचाराची फाइल दवाखान्यात राहील आणि हिस्ट्री तिकिटावर, म्हणजे बंद्याच्या कारागृहातील नोंदपत्रिकेवर, नोंदली जाणार नाही. औषध दीर्घकाळ घ्यावे लागेल. ते केव्हाही हळूहळू बंद करता येईल, पण एकदम बंद करू नये. बंदी निरक्षर असेल तर हे मोठ्याने वाचून दाखवावे आणि त्याला काय समजले ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावावे. ‘समजलं ना?’ या प्रश्नाला प्रत्येक जण मान डोलावतो.

ज्याच्यावर अमली पदार्थ सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा गुन्हा आहे, त्याला वरील १९८५ च्या कायद्यातील कलम ६४ अ ची माहिती विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलामार्फत मिळवून द्यावी. स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्याला त्या कलमाखाली खटल्यातून संरक्षण मिळू शकते, मात्र उपचार अर्धवट सोडल्यास ते काढूनही घेता येते. डॉक्टरांनी कायदेशीर आश्वासन देऊ नये.

टप्पा ४ : पहिली मात्रा

पहिल्या मात्रेचा नियम एका वाक्यात मावतो : विथड्रॉवल दिसल्याशिवाय ब्युप्रेनॉर्फिन देऊ नये. हेरॉइन मेंदूतील ज्या ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटते त्यांनाच हे औषध अधिक घट्ट चिकटते आणि तिथले हेरॉइन हुसकून लावते, पण स्वतः अर्धवटच परिणाम करते. त्यामुळे हेरॉइन अंगात असताना ते दिले तर अर्ध्या-एक तासात विथड्रॉवल एकदम, पूर्ण जोराने उसळते.

ही चूक माझ्याच हातून झाली आहे. दाखल होऊन दोन दिवस झालेला एक तरुण सकाळी आला, जांभया देत होता, नाक गळत होते. मी विचारले, त्याने ‘दोन दिवस काही नाही’ असे सांगितले आणि मी २ मि.ग्रॅ. दिले. पाऊण तासात तो बाकावरून खाली सरकला. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता, हातांवर कोंबडीच्या कातडीसारखा काटा उभा होता आणि तो ‘साहेब, विष दिलं’ एवढेच म्हणत होता. बराकीत पहाटे कोणीतरी दिलेली पुडी त्याने ओढली होती आणि ती सांगायची त्याला भीती वाटली. जांभया आणि नाक मी पाहिले, पण त्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या त्या पाहिल्याच नाहीत. त्या दिवसानंतर त्या बराकीतून आठवडाभर एकही जण उपचाराला आला नाही. तेव्हापासून मी आधी टॉर्च लावतो आणि मगच प्रश्न विचारतो.

क्रम असा ठेवावा.

१. वेळ सकाळची निवडावी, शक्यतो दहाच्या आत. संध्याकाळी बराकी बंद झाल्यावर निरीक्षण होत नाही. शनिवारी आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी नवीन रुग्णाला सुरुवात करू नये.

२. हेरॉइन किंवा कोडीनच्या शेवटच्या वापराला किमान १२ तास झालेले असावेत. मेथाडोन हे जास्त काळ टिकणारे अफूजन्य औषध घेणाऱ्यासाठी हा काळ बराच जास्त लागतो आणि तिथे तज्ज्ञाला विचारूनच पुढे जावे.

३. विथड्रॉवलची तीव्रता मोजणारी ‘काऊज’ मोजपट्टी भरावी. नाडी, घाम, अस्वस्थता, बाहुल्या, हाडे-सांधे दुखणे, नाक-डोळ्यांतून पाणी, पोटाचा त्रास, थरथर, जांभया, चिडचिड आणि अंगावरचा काटा असे तिचे ११ मुद्दे आहेत. ५ ते १२ गुण म्हणजे सौम्य आणि १३ ते २४ म्हणजे मध्यम विथड्रॉवल. साधारण १० च्या आसपास गुण आणि मोठ्या झालेल्या बाहुल्या दिसल्या की सुरुवात करावी.

४. २ मि.ग्रॅ. जिभेखाली द्यावे आणि दीड-दोन तास दवाखान्यातच बसवून ठेवावे. त्रास उरला असेल तर आणखी २ मि.ग्रॅ. द्यावे. पहिल्या दिवशी एकूण ४ मि.ग्रॅ. बहुतेकांना पुरते आणि ८ मि.ग्रॅ.च्या वर जाऊ नये.

५. दुपारी बराकीत परत पाठवण्यापूर्वी श्वास, शुद्ध आणि रक्तदाब पाहावा.

कोठडीत विथड्रॉवल संपवून आलेल्या, सध्या लक्षणे नसलेल्या माणसाला मात्र ‘काऊज’ उपयोगी नाही. त्याची सहनशक्ती उतरलेली आहे असे धरून, लघवीची चाचणी करून, फार कमी मात्रेने, म्हणजे ०.४ ते २ मि.ग्रॅ.ने सुरुवात करावी आणि दिवसांगणिक सावकाश वाढवावे. त्याला गुंगी येते का हे पाहणे इथे अधिक महत्त्वाचे आहे. अशा माणसासाठी अफूजन्य पदार्थांचा परिणाम अडवणारे नाल्ट्रेक्सोन हाही पर्याय असतो. सात ते दहा दिवस अफूजन्य पदार्थ पूर्ण बंद असल्याची खात्री आणि यकृताची तपासणी झाल्यावर ते रोज ५० मि.ग्रॅ. तोंडाने देतात. पण ते घेणारे बरेच जण सुटल्यावर गोळी सोडून देतात, आणि तेव्हा सहनशक्ती शून्यावर असते. म्हणून केवळ प्रशासनाला ते ‘नशेचे औषध नाही’ म्हणून आवडते, एवढ्या कारणावरून नाल्ट्रेक्सोन निवडणे मला पटत नाही.

सावधान : ब्युप्रेनॉर्फिनवर असलेल्या माणसाला नाल्ट्रेक्सोन चुकूनही देऊ नये. दोन्ही गोळ्यांचे डबे वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवावेत.

विथड्रॉवल उसळलेच तर घाबरून इतर अफूजन्य औषध देऊ नये. काय झाले ते रुग्णाला शांतपणे सांगावे, पाणी व क्षार द्यावेत, रक्तदाब पाहून क्लोनिडीन, उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन, जुलाबासाठी लोपेरामाइड आणि दुखण्यासाठी आयबुप्रोफेन द्यावे. त्रास बहुधा दिवसभरात उतरतो. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला स्वतः जाऊन भेटावे.

टप्पा ५ : मात्रा स्थिर करणे

दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाची एकूण मात्रा एकदम द्यावी आणि गरजेप्रमाणे २ ते ४ मि.ग्रॅ. वाढवावी. योग्य मात्रेची खूण अशी की पुढच्या मात्रेच्या वेळेपर्यंत त्रास होत नाही, रात्री झोप लागते, ओढ कमी होते आणि दिवसा गुंगी येत नाही. पुष्कळांना ८ ते १६ मि.ग्रॅ. लागते. ‘तुरुंगात आहे, एवढे कशाला?’ या विचाराने प्रत्येकाला २ मि.ग्रॅ.वर अडवून ठेवण्याची पद्धत मोडायला हवी. अपुरी मात्रा मिळणारा माणूस बराकीत पुडी शोधतो, दुसऱ्याची गोळी विकत घेतो, आणि मग ‘औषधाचा गैरवापर होतो’ असा अहवाल जातो.

क्षयरोगाच्या औषधांकडे इथे विशेष लक्ष द्यावे. रिफाम्पिसिनमुळे रक्तातील ब्युप्रेनॉर्फिन झपाट्याने घटते. स्थिर असलेला रुग्ण क्षयाचा उपचार सुरू झाल्यावर पुन्हा टर्कीच्या तक्रारी करू लागला तर त्याची मात्रा वाढवावी लागते, आणि रिफाम्पिसिन थांबल्यावर ती आठवणीने पुन्हा कमी करावी लागते. डायझेपाम, अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम यांच्याबरोबर श्वास मंदावण्याचा धोका असतो, म्हणून झोपेच्या गोळ्यांची जुनी चिठ्ठी आपोआप पुढे चालू ठेवू नये. बद्धकोष्ठ बऱ्याच जणांना होते. त्यावर इसबगोल आणि भरपूर पाणी सुचवावे.

एचआयव्ही, कावीळ ब व क आणि क्षय यांच्या चाचण्या याच आठवड्यात, संमतीने कराव्यात. चाचणीला नकार दिला म्हणून ब्युप्रेनॉर्फिन अडवू नये.

टप्पा ६ : रोजचे वाटप

वाटप आठ-दहा जणांच्या गटात, रोज एकाच वेळी व्हावे. नाव, बंदी क्रमांक आणि फोटो जुळवावा. टॉर्चने तोंड पाहावे. एक घोट पाणी प्यायला द्यावे, कारण कोरड्या तोंडात औषध विरघळत नाही. गोळी ग्लासमध्ये चमच्याच्या पाठीने जाडसर चुरडून जिभेखाली टाकावी. हात गुडघ्यांवर, मान किंचित पुढे, बोलणे बंद, आणि पाच ते दहा मिनिटे तसेच बसवावे. विरघळल्यावर जीभ उचलून, गालांच्या आत आणि हिरड्यांच्या खाली पुन्हा पाहावे. त्यानंतर पाण्याने खळखळून चूळ भरायला लावावी आणि दात तासाभराने घासायला सांगावे, कारण या औषधाने दात किडू शकतात.

चुरा फार बारीक झाला तर थुंकीबरोबर गिळला जातो आणि गिळलेले औषध जवळजवळ वाया जाते. अख्खी गोळी दिली तर ती गालात लपवता येते. चहाच्या जाड पावडरीएवढा चुरा हे माझे माप आहे. ब्युप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोनची एकत्रित गोळी मिळत असेल तर ती घ्यावी. जिभेखाली तिच्यातील नॅलॉक्सोनचा परिणाम नगण्य असतो, पण कोणी ती टोचून घेतली तर ते काम करते.

वाटपाच्या कामात बंदी वॉर्डर किंवा दवाखान्यात काम करणारे बंदी यांना कधीही घेऊ नये. त्यांच्यावर बराकीतून दबाव येतो आणि दोष त्यांच्या माथी बसतो.

एखाद्याने गोळी लपवल्याचे सापडले तर पहिला प्रश्न त्याच्यावर कोणी दबाव आणला का, हा असावा. दुसरा, मात्रा अपुरी किंवा जास्त आहे का. त्याला समोर, शेवटच्या क्रमाने, एकट्याने बसवून औषध देणे हा उपाय बहुतेक वेळा पुरतो. शिक्षा म्हणून औषध बंद करणे हा उपाय नाही. मधुमेही बंद्याने साखर खाल्ली म्हणून आपण त्याचे इन्सुलिन काढून घेत नाही.

टप्पा ७ : कोर्टाची तारीख, बदली आणि चुकलेली मात्रा

कोर्टात जाणाऱ्यांची यादी आदल्या संध्याकाळी मागवावी आणि त्यांना नेणारी पोलिसांची गार्द येण्यापूर्वी औषध द्यावे. ‘परत आल्यावर देऊ’ असे म्हणू नये, कारण गाडी उशिरा येते, बराकी बंद झालेल्या असतात, आणि काही जण कोर्टातूनच जामिनावर जातात.

दुसऱ्या कारागृहात बदली होत असेल तर शेवटच्या मात्रेचे पत्र बरोबर जावे. त्यात औषधाचे नाव, मात्रा, शेवटच्या वेळी दिल्याची तारीख व वेळ, इतर औषधे आणि डॉक्टरांचा दूरध्वनी एवढेच असावे. पाकीट बंद असावे. त्या कारागृहात हा उपचार नसेल तर बदली थांबवण्याची लेखी विनंती अधीक्षकांना करावी.

सलग तीनपेक्षा अधिक दिवस मात्रा चुकली तर जुनी मात्रा डोळे झाकून देऊ नये. मधल्या काळात काय घेतले ते विचारावे, बाहुल्या पाहाव्यात आणि कमी मात्रेपासून पुन्हा चढवावे.

महिला बंद्यांबाबत

उपचारापूर्वी गर्भचाचणी करावी. गरोदर स्त्रीचे अफूजन्य पदार्थ एकदम बंद केल्यास गर्भाला धोका पोचू शकतो, म्हणून तिला डिटॉक्स न करता ब्युप्रेनॉर्फिनवर स्थिर ठेवावे. नाल्ट्रेक्सोन सुरू करू नये. प्रसूती जिथे होणार त्या रुग्णालयाला आधीच कळवावे, कारण नवजात बाळाला विथड्रॉवल येऊ शकते आणि ते ओळखून त्यावर उपचार करता येतात. ब्युप्रेनॉर्फिन घेणारी आई सर्वसाधारणपणे बाळाला अंगावर पाजू शकते. ‘औषध घेते म्हणून दूध बंद’ असा आदेश परस्पर देऊ नये.

टप्पा ८ : सुटका

सुटकेची तयारी उपचाराच्या पहिल्या दिवशी सुरू करावी. बरेच रुग्ण न्यायाधीन बंदी असतात आणि त्यांची सुटका कोणी आठवडाभर आधी कळवत नाही. जामिनाचा आदेश कारागृहाच्या जामीन पेटीत पडतो, कागद तपासले जातात आणि माणूस त्याच संध्याकाळी फाटकाबाहेर असतो. एकदा माझा एक रुग्ण असाच रात्री आठ वाजता सुटला. त्याचे पत्र तयार होते, पण ते दवाखान्याच्या कपाटात होते, किल्ली माझ्या खिशात होती आणि मी घरी होतो. तो तीन आठवड्यांनी चोरीच्या गुन्ह्यात परत आला, पुन्हा रोज ओढू लागलेला.

म्हणून पत्राची एक प्रत बंद पाकिटात फाटकावरील सुटका विभागात, बंद्याच्या खासगी सामानाबरोबर ठेवावी आणि मात्रा बदलेल तेव्हा तीही बदलावी. पाकिटात शेवटच्या मात्रेचे पत्र आणि घराजवळच्या ओएसटी केंद्राचा पत्ता, वेळ व दूरध्वनी असलेले कार्ड ठेवावे. बंदी कुठे राहणार हे विचारून केंद्र निवडावे. नालासोपाऱ्याला राहणाऱ्याला परळचे केंद्र दिले तर रोजचा प्रवास त्याला झेपत नाही. त्या केंद्राशी फोनवर बोलून त्याचे नाव, त्याच्या संमतीने, आधीच कळवून ठेवावे. बाहेर पडल्यावर माहिती हवी असेल तर राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ हा क्रमांक कार्डावर छापावा.

बंद्याला आणि त्याची संमती असेल तर मुलाखतीला येणाऱ्या आई, पत्नी किंवा भावाला पुढील गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. पूर्वी जेवढे ओढत होता तेवढे आता घेतले तर श्वास थांबू शकतो. दारू किंवा ‘बटन’ बरोबर घेतले तर धोका कैक पटींनी वाढतो. तो हाक मारून उठत नसेल, ओठ निळे पडले असतील, घोरल्यासारखा घरघर आवाज येत असेल तर झोपला आहे असे समजू नये. कुशीवर वळवावे, १०८ ला फोन करावा, त्याने काय घेतले आहे ते रुग्णवाहिकेतील डॉक्टरांना लपवल्याशिवाय सांगावे. हे बोलताना बहुतेक आया रडतात आणि ‘आता तो कधी घेणार नाही’ असे म्हणतात. त्यांना धीर द्यावा आणि १०८ हा आकडा तरीही कागदावर लिहून हातात द्यावा.

तपासून घ्या : आज रात्री आठ वाजता तुमच्या यादीतील कोणताही रुग्ण सुटला तर त्याचे पाकीट फाटकावर आहे का? त्यावरील मात्रा आजची आहे का?

सुटकेनंतर तिसऱ्या दिवशी समुपदेशकाने ओएसटी केंद्राला फोन करून तो पोचला का हे विचारावे. पोचला नसेल तर त्याने दिलेल्या क्रमांकावर घरी फोन करावा, ‘दवाखान्यातून बोलतोय’ एवढेच सांगावे आणि केंद्राची वेळ पुन्हा कळवावी. सातव्या दिवशी पुन्हा एक फोन करावा. या दोन फोनांच्या नोंदीसाठी वाटप नोंदवहीत शेवटी दोन रकाने आखून ठेवावेत आणि ते भरल्याशिवाय त्या रुग्णाची फाइल बंद करू नये.